सुट्टीचा वार

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाला लोक पगार विचारतात, राहायची सोय विचारतात, जेवणाखाण्याचं काय म्हणून विचारतात. सुट्टी कोणत्या वारी, हे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर पहिला प्रश्न तोच हवा. लिफ्ट बसवण्याच्या कामावर दुबई, सिंगापूर, हाँगकाँग, तोक्यो अशा शहरांत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे जे जिवाभावाचे झाले त्यांत एक पठाण आहे, एक बांगलादेशी आहे, एक फिलिपिनो बाई आहे. भाषा, धर्म, देश यांचा हिशेब मांडला तर यातली एकही मैत्री जुळायला नको होती. जुळली, कारण आमच्या सुट्टीचा वार एक होता आणि त्या वारी कुणी हटकणार नाही अशी बसायला जागा होती. पुढे वार बदलला किंवा जागा गेली, की मैत्रीलाही झळ लागायची. म्हणून या शहरांच्या उंच इमारतींबद्दल मी फार लिहिणार नाही. त्यांनी कामगाराला दिलेल्या सुट्टीबद्दल आणि सुट्टीत टेकायला दिलेल्या जागेबद्दल लिहिणार आहे.

आधी कामाचं थोडं सांगायला हवं, कारण ओळखी तिथेच झाल्या. इमारतीचा सांगाडा उभा राहतो तेव्हा लिफ्टसाठी तळापासून माथ्यापर्यंत एक उभी पोकळी सोडलेली असते. तिला आम्ही शाफ्ट म्हणतो. माथ्यावर साचा ठोकून त्यातून पोलादी तारा खाली सोडायच्या, टोकाला वजन बांधायचं आणि ते वजन तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचं, म्हणजे तार झुलत नाही. गवंड्याच्या ओळंब्याचंच हे मोठं रूप. त्या तारांपासून पट्टीने मोजत मोजत दोन्ही बाजूंच्या रेल बसवत जायचं. मिलिमीटरचा फरक राहिला तरी पुढे गाडी थरथरते आणि वरच्या मजल्यावरचा माणूस दर वेळी भिंतीला हात टेकतो. हे काम एकट्याचं नव्हे. एक जण वर साच्यापाशी, एक जण खाली पिटमध्ये, दोघे मध्ये परांचीवर. शाफ्टमध्ये अंधार असतो, चेहरे दिसत नाहीत. वरून आवाज आला की खालच्याने त्यावर विसंबून हात घालायचा. महिनाभर असं काम केलं की कोण कसा आहे ते कळतं, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला भेटावंसं वाटतं तेही कळतं.

दुबईला मी २००५ साली गेलो. बुर्ज खलिफा तेव्हा जमिनीतून वर यायला लागला होता आणि त्याचं नाव अजून बुर्ज दुबई होतं. आमच्या वाट्याला साध्या निवासी इमारती होत्या. मी चिपळूणचा, आखातात जाणं आमच्याकडे नवं नाही. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कित्येक मोहल्ल्यांतली घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत. त्यामुळे जाताना भीती नव्हती. मला करामामधल्या एका फ्लॅटमध्ये बेड स्पेस मिळाली, म्हणजे एका खोलीत पडदे लावून केलेल्या खाटांपैकी एक. फिटर आणि रिगर सोनापूरच्या लेबर कॅम्पात राहायचे.

आमच्या टोळीचा फोरमन मर्दानचा पठाण होता. सगळे त्याला लाला म्हणायचे, मीही म्हणू लागलो. वजन उचलण्याच्या कामात त्याच्याइतका सावध माणूस मी पुढे कुठेच पाहिला नाही. चेन ब्लॉकला हात लावण्यापूर्वी तो हुक तीन वेळा फिरवून बघायचा आणि घाई करणाऱ्याला साइटवरून सरळ घरी पाठवायचा. त्या काळी सगळ्यांची सुट्टी शुक्रवारी. जुम्म्याची नमाज झाली की लाला देरा बाजूच्या धक्क्यावर यायचा. तिथून एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या लाकडी होडीतून आम्ही खाडी ओलांडायचो. पलीकडे बर दुबईत मोठ्या मशिदीच्या मागच्या बोळात कृष्णाचं आणि शंकराचं देऊळ होतं, बाहेर हार-फुलांच्या टपऱ्या. मी दर्शनाला आत गेलो की लाला माझ्या चपलांपाशी उभा राहायचा. मग मीना बाजारात चहा, आणि संध्याकाळ होईपर्यंत खाडीच्या कठड्यावर बसून राहणं.

त्या कठड्यावर लालाने मला त्याच्या चार मुलींची नावं सांगितली, थोरलीला शिकवायचं की नाही यावरून घरात झालेलं भांडण सांगितलं. मी त्याला आमच्या वाशिष्ठीच्या पुराचं सांगितलं. मर्दानहून चिपळूणला यायचं तर आमच्या दोन्ही सरकारांच्या किती परवानग्या लागतील आणि त्यातली एक तरी मिळेल का, याचा विचारही आम्ही कधी केला नाही. दुबईत मात्र एक दिरहम पुरत होता. मला त्या शहराचे दोष ठाऊक आहेत. कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या मुठीत असतो. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करू नये हा नियम चांगला, पण उरलेल्या वेळातलं ऊनही माणसाला आडवं करतं. तरीही हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी कामगारांना एका कठड्यावर बसवण्याचं काम त्या शहराने केलं. तेवढं आमच्या दोन देशांना जमलं नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

२००८च्या मंदीत कामं थांबली, टोळी फुटली. लाला राहिला, मी पुढे गेलो. १ जानेवारी २०२२पासून अमिरातीने आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार केली आणि शुक्रवार सरकारी कचेऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचा केला. खासगी कंपन्यांनी आपापल्या सोयीने पाहिलं. लालाच्या कंपनीने रविवार धरला. त्या आठवड्यात त्याचा फोन आला. ‘यार, जुम्मा अब जल्दी का हो गया,’ एवढंच म्हणाला. नमाजेपुरता वेळ मिळतो, मग परत साइटवर. चाळीस वर्षं जुम्म्याला अंगावर धुतलेले कपडे घालून निवांत बसणाऱ्या माणसाला हे बोचणारच. जागतिक बाजाराशी जुळवून घ्यायचं म्हणून वार बदलला, त्याची कारणं मला समजतात. पण मशिदीच्या पायरीवर आठवड्यातून एकदा भेटणारे त्याचे जुने दोस्त आता तिथे थांबत नाहीत, हेही त्या बदलाच्या खात्यावर मांडायला हवं.

सिंगापूरला मी २०१०मध्ये आलो. तिथली बहुतेक वस्ती सरकारने बांधलेल्या एचडीबी इमारतींत राहते. जुन्या ब्लॉकांत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची, मधल्या मजल्यांवरच्यांनी जिने चढायचे-उतरायचे. इमारतींतली माणसं म्हातारी होऊ लागली तेव्हा २००१पासून सरकारने प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याची मोहीम काढली. त्या कामाच्या शेवटच्या टप्प्यात मी होतो. एखाद्या आजीबाईच्या दारासमोर लिफ्टचं दार पहिल्यांदा उघडायचं, तेव्हाचा तिचा चेहरा बघून महिन्याभराचा शीण जायचा. या व्यवसायात इतकं रोख समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामाने दिलं नाही.

माझ्याबरोबर रेल बसवणारा फिटर टांगाइलचा होता. तो मला दादा म्हणायचा, मी त्याला भाई. आम्ही दोघं एकाच शाफ्टमध्ये काम करायचो, पण आमची कार्डं वेगळी होती. माझं एम्प्लॉयमेंट पास, त्याचं वर्क परमिट. माझ्या कार्डावर मी बायकोमुलांना आणू शकलो. त्याच्या कार्डावर कुटुंब आणता येत नाही, आणि सिंगापूरच्या नागरिकाशी लग्न करायचं तर आधी मनुष्यबळ मंत्रालयाची परवानगी लागते. मी मेट्रोने साइटवर यायचो, तो लॉरीच्या उघड्या हौद्यात बसून. संध्याकाळी मी घरी जायचो, तो शहराच्या कडेच्या डॉर्मिटरीत. आठवड्याचे सहा दिवस शहर आम्हाला असं वेगळं ठेवायचं. सातव्या दिवशी, रविवारी, मी लिटल इंडियात लेंबू रोडच्या मोकळ्या चौकात जायचो.

त्या चौकाबद्दल मला सविस्तर लिहिलंच पाहिजे. मुस्तफाच्या दुकानाजवळ, दोन-चार झाडं, सिमेंटचे कट्टे. दुपारी चारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसे. टांगाइलचे इथे, कुमिल्लाचे तिथे, बारिसालचे पलीकडे. नवा आलेला पोरगा आपल्या गावचा माणूस शोधत फिरायचा आणि पाच मिनिटांत त्याला कुणीतरी काका भेटायचा. घरी पैसे पाठवणं, फोनचं रिचार्ज, पान, केस कापणं सगळं आसपास. कुणाचं बोट चेपलं आहे आणि मुकादम डॉक्टरकडे नेत नाही, हे तिथेच कळायचं, आणि कुठल्या संस्थेकडे जायचं हेही तिथेच. जवळच रॉवेल रोडवर ‘बांगलार कंठ’ या बंगाली वृत्तपत्राचे संपादक ए. के. एम. मोहसिन यांनी ‘दिबाश्रम’ नावाची जागा चालवली होती. हार्मोनियम, तबला, पुस्तकं. दिवसभर सळ्या वाकवणारे हात तिथे तबल्यावर चालायचे. भाई मला तिथे घेऊन गेला. २०१४ साली स्थलांतरित कामगारांसाठी कवितास्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिली दोन्ही वर्षं जिंकणारा झाकिर होसेन खोकन हा बांधकामावरचाच माणूस. भाईला त्याच्या कविता तोंडपाठ होत्या. मला बंगाली अर्धवटच समजायचं, पण ऐकणाऱ्यांची मान कुठे हलते ते दिसायचं.

८ डिसेंबर २०१३ हाही रविवारच. कामगारांना डॉर्मिटरीकडे नेणाऱ्या खासगी बसखाली सक्तिवेल कुमारवेलू हा ३३ वर्षांचा तामिळ बांधकाम कामगार रेसकोर्स रोडवर सापडला आणि गेला. जमाव भडकला, पोलिसांच्या गाड्या आणि एक रुग्णवाहिका पेटली. १९६९नंतर सिंगापूरने अशी दंगल पाहिली नव्हती. ५७ कामगारांना मायदेशी पाठवण्यात आलं. चौकशी समितीने दारूचा वाटा ठळकपणे मांडला आणि पुढे २०१५मध्ये रात्री साडेदहानंतर दुकानातून दारू विकायला देशभर बंदी आली. लिटल इंडियात नियम आणखी कडक. ते एकवेळ ठीक. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. कामगारांना रविवारी शहरात यायची गरजच पडू नये, असा विचार जोर धरू लागला. लांब तुआससारख्या भागात मोठमोठ्या डॉर्मिटऱ्या उभ्या राहिल्या, आत दुकानं, क्रिकेटचं मैदान, सिनेमा. सोयी चांगल्या होत्या, भाई खेळायचाही. पण त्या फाटकाच्या आत मी कसा जाणार? दुसऱ्या डॉर्मिटरीतला त्याचा चुलतभाऊ कसा येणार? मैदान दिलं आणि चौक काढून घेतला, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

महामारीने हे उघडं पाडलं. एप्रिल २०२०पासून डॉर्मिटऱ्यांची फाटकं बंद झाली. एका खोलीत १२ ते २० माणसं, दुमजली खाटा, सामाईक मोऱ्या. तिथे अंतर राखणार कसं? डिसेंबर २०२०मध्ये सरकारनेच सांगितलं की डॉर्मिटरीतल्या ४७ टक्के कामगारांना लागण होऊन गेली होती. उपचार मिळाले, पगार बहुतेकांचे चालू राहिले, मृत्यू अगदी कमी झाले, हे नोंदवायलाच हवं. पण बाकीचं शहर मोकळं फिरू लागल्यावरही हे लोक आतच राहिले. सप्टेंबर २०२१मध्ये प्रयोग म्हणून आठवड्याला ५०० जणांना लिटल इंडिया वगैरे ठिकाणी सोडायला सुरुवात झाली. जून २०२२पासून रोज बाहेर पडण्यासाठी परवानगी काढायची अट गेली, तरी रविवारी लिटल इंडियासारख्या चार गजबजलेल्या ठिकाणी जायचं तर आधी फोनवर पास काढायचा, आणि असे पास एका रविवारी ८० हजारच. मी तोवर हाँगकाँगला होतो. भाई फोनवर म्हणाला, ‘दादा, आता बसायलाही अर्ज करावा लागतो.’ त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. मला मात्र ते वाक्य अजून सोडत नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांची कथा याहून जुनी. सिंगापुरात त्यांना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती १ जानेवारी २०१३पासून, आणि तीही पैसे देऊन भरून काढायची मुभा मालकाला होती. पैशाच्या बदल्यात काढून घेता येणार नाही असा महिन्यातला किमान एक दिवस मिळायला जानेवारी २०२३ उजाडलं.

हे लिहिताना मला आपला इतिहास आठवतो. मुंबईच्या गिरण्यांतल्या मजुरांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन काढली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, हाही आधार त्या मागणीला होता. माझे आजोबा लालबागच्या एका खोलीत राहायचे, पाळीप्रमाणे माणसं झोपायची, जेवण खाणावळीत. रविवार होता म्हणून गावकीची बैठक व्हायची, भजनी मंडळ बसायचं, पोरं तालमीत जायची, कोकणातल्या वाडीच्या शाळेसाठी वर्गणी गोळा व्हायची. गिरणगाव ज्याला म्हणतो ते असं त्या एका दिवसात घडलं. सोनापूरची किंवा तुआसची खोली पाहिली तेव्हा मला परकं काही वाटलं नाही. फरक होता तो लालबागच्या चाळीला फाटक नव्हतं, एवढाच. आणि तो फरक फार मोठा आहे.

हाँगकाँगला २०१५मध्ये गेलो. लिफ्टवाल्यासाठी ती पंढरीच. हजारो उंच इमारती, डोंगरउतारावर चढवलेल्या, कित्येकींत जुन्या लिफ्ट बदलायच्या. बांबूची परांची बांधणारे तिथले कारागीर शाफ्टच्या आतसुद्धा अशी सुबक बांधणी करतात की लोखंडी पाइपांवर काम केलेला माणूस बघत राहतो. जेवायला मी चुंगकिंग मॅन्शन्सला जायचो. १९६१च्या या इमारतीचे पाच ब्लॉक, प्रत्येकाला इवल्याशा दोन लिफ्ट, एक सम मजल्यांची आणि एक विषम मजल्यांची. त्यासाठी लागलेल्या रांगेत नायजेरियाचा व्यापारी, नेपाळी रखवालदार, पंजाबी खानसामा एकामागे एक. गॉर्डन मॅथ्यूज या मानववंशशास्त्रज्ञाने या एका इमारतीवर अख्खं पुस्तक लिहिलं, यात मला नवल वाटत नाही.

आतेची ओळख लिफ्टमुळेच झाली. मिड-लेव्हल्स भागातल्या एका इमारतीत वीज खाली-वर झाली आणि गाडी दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत एक बाई आणि एक लहान मुलगा. अशा वेळी आधी बोलत राहायचं असतं, दार नंतर. मी वरच्या मजल्यावरून बोलत होतो आणि खालून ती मुलाला गाणं म्हणून दाखवत होती. गाडी हाताने समपातळीला आणून दार उघडलं, तर मुलगा हसत बाहेर आला. तिने माझं नाव विचारलं नाही. ‘थँक्यू, इंजिनिअर,’ म्हणाली, आणि पुढे कायम मला इंजिनिअर अशीच हाक मारत राहिली. ती इलोइलोची. फिलिपिनो लोक थोरल्या बहिणीला आते म्हणतात. तिच्याभोवतीच्या सगळ्या मुली तिला तशीच हाक मारायच्या, म्हणून मीही. ‘रविवारी चेटर रोडला ये,’ म्हणाली.

हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या परदेशी बायका तीन लाखांवर. निम्म्याहून जास्त फिलिपिनो, उरलेल्यांत बहुतेक इंडोनेशियाच्या. सात दिवसांत एक दिवस सुट्टी हा त्यांचा कायदेशीर हक्क. २००३पासून मात्र मालकाच्याच घरी राहायचं बंधन आहे, म्हणजे सुट्टी घ्यायची तर घराबाहेर पडायलाच हवं. रविवारी सेंट्रल भागातला चेटर रोड वाहनांना बंद असतो आणि बँकांच्या, वकिलांच्या, उंची दुकानांच्या त्या रस्त्यावर हजारो बायका बसतात. स्टॅच्यू स्क्वेअर, पादचारी पूल, आणि नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेल्या, १९८५मध्ये पूर्ण झालेल्या एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयाचा मोकळा तळमजला, सगळं भरून जातं. इंडोनेशियाच्या बायका व्हिक्टोरिया पार्कला.

आतेची जागा बँकेच्या सावलीत ठरलेली होती. सकाळी लवकर येणारी मुलगी पुठ्ठ्याची खोकी उलगडून जमिनीवर अंथरायची, चारी बाजूंनी गुडघाभर उंचीची पुठ्ठ्याची भिंत करायची आणि चिकटपट्टीने कोपरे पक्के करायची. आत जाताना चपला बाहेर, ओळीने. मध्ये भात, अडोबो, पान्सित. एक जण दुसरीची नखं रंगवते आहे, एक जण गावच्या मुलाचा अभ्यास फोनवर घेते आहे, पलीकडे सौंदर्यस्पर्धेची तालीम. (या स्पर्धांवर बेबी रुथ व्हियारामा यांनी २०१६मध्ये ‘संडे ब्यूटी क्वीन’ हा माहितीपट केला, मिळाला तर जरूर पाहावा.) माझं काम खोकं भरण्याचं. बालिकबायान बॉक्स म्हणतात त्याला. घरी पाठवायचं भलं मोठं खोकं, समुद्रमार्गे महिना-दोन महिन्यांनी पोचणारं. साबण, टूथपेस्ट, डबाबंद मांस, टॉवेल, चॉकलेट, मालकिणीच्या मुलाचे लहान झालेले बूट. आते प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव लिहायची, मग खोक्यावर चढून बसायची आणि मी चिकटपट्टी ओढायचो. कुठे काय बसवलं तर जागा वाया जाणार नाही, हे तिला इतकं अचूक कळायचं की आमच्या गोदामवाल्यांनी शिकावं. दिवाळीत मी चिवडा, शंकरपाळे न्यायचो. शंकरपाळे तिथे हातोहात जायचे.

सहाव्या-सातव्या वर्षी मला तिथलं कायम वास्तव्य मिळण्याची बोलणी सुरू झाली. व्यावसायिक व्हिसावरच्या माणसाला सात वर्षं सलग राहिल्यावर ते मागता येतं. आते माझ्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकात आलेली. तिला ते मागता येत नाही. १९८६पासून हाँगकाँगमध्ये काम करणाऱ्या इव्हांजेलिन व्हायेहोस यांनी याविरुद्ध दावा लावला होता. २०११मध्ये त्या उच्च न्यायालयात जिंकल्या, पण अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मार्च २०१३मध्ये अंतिम न्यायालयातही त्या हरल्या. घरकामगारांचं राहणं हे ‘सर्वसाधारण वास्तव्य’ धरता येत नाही, असं अंतिम निकालाचं सार. न्यायाधीशांनी कायद्याचं कलम वाचलं असेल. पण त्या शहरातल्या दोन पिढ्यांची मुलं ज्यांच्या मांडीवर मोठी झाली, त्यांचं तिथलं राहणं मोजायचंच नाही, हा अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हणावा. माझं ओळखपत्र बदललं त्या आठवड्यात मी आतेला सांगायला कचरत होतो. तिनेच ओळखलं. त्या रविवारी तिने माझ्यासाठी बिबिंका केक आणला आणि सगळ्या मुलींना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

२०२१पासून हाँगकाँगची अनेक कुटुंबं ब्रिटनला जाऊ लागली. २०२३मध्ये आते ज्यांच्याकडे कामाला होती ते कुटुंबही निघालं. १९८७च्या नियमाप्रमाणे करार संपला की दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं. मालक स्थलांतर करत असेल तर दुसरा मालक शोधायची सवलत आहे, पण शोधायचं त्याच दोन आठवड्यांत. तिने शोधला नाही. ‘आता माझ्या घरात झोपते,’ म्हणाली. इलोइलोला तिने बांधलेलं घर आहे, त्यात ती सलग महिनाभर कधी राहिली नव्हती. शेवटच्या रविवारी तीन खोकी भरली. मुलगा, तोच लिफ्टमधला, आता तिच्या खांद्याला लागत होता. तो आईवडिलांची परवानगी घेऊन चेटर रोडवर आला आणि दिवसभर पुठ्ठ्यावर तिच्याजवळ बसून राहिला.

तोक्योबद्दल मी थोडंच लिहीन, कारण तिथे माझं मूळ अजून रुजतं आहे. भूकंपाचा पहिला हलका धक्का कळला की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आपोआप थांबते आणि दार उघडते. धक्का मोठा असेल तर माणसाने जाऊन तपासल्याशिवाय ती पुन्हा सुरू करत नाहीत. अशा रात्री आम्ही इमारतींमागून इमारती पालथ्या घालतो. निशिकासाईत आपली वस्ती मोठी आहे. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये तिथूनच एदोगावा प्रभागाच्या सभेत निवडून गेले. गणपतीत मराठी माणूस भेटतो, मोदक मिळतात, हे सुख मी कमी लेखत नाही. पण आमच्या ठेकेदाराकडचा व्हिएतनामी पोरगा, १९९३पासून चालत आलेल्या प्रशिक्षणार्थी योजनेतून आलेला, त्याला मालक बदलता येत नाही आणि रविवार असूनही तो एकटाच खोलीत असतो. ही योजना मोडून नवी आणण्याचा कायदा जपानने २०२४मध्ये केला, २०२७पर्यंत ती यायची आहे. तोवर मी त्याला रविवारी एदो नदीच्या काठावर घेऊन जातो. तिथे गवतावर बसलं तर कुणी काही म्हणत नाही. तो अजून फार बोलत नाही.

गेल्या वर्षभरात आमच्यात एक बेत शिजतो आहे. लाला, भाई, आते आणि मी, चौघांनी एकदा एकत्र बसायचं. त्यांची एकमेकांशी ओळख आहे ती फोनवरच्या फोटोंमधून आणि माझ्या बोलण्यातून. दुबई म्हटलं तर भाईला व्हिसाची अडचण. सिंगापूर म्हटलं तर लालाची. भारतात लाला येऊ शकत नाही, पाकिस्तानात मी जाऊ शकत नाही. चारही पासपोर्ट समोर ठेवून शोधलं तेव्हा काठमांडू सापडलं. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही, बाकी तिघांना विमानतळावर उतरल्यावर मिळतो. आतेने तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. भाई सिंगापूर सोडून टांगाइलला परतला आहे, ढाक्याहून थेट विमान आहे म्हणतो. मी मार्चमधली रजा मांडून ठेवली आहे. लालाच्या रजेचा अर्ज कंपनीत गेलाय. त्यावर सही झाली की मी चौघांचं हॉटेल बुक करणार आहे.